ध्यान आणि कुदळ

संतसज्जनहो, परवा कीर्तन आटोपल्यावर एका मास्तरांनी विचारले, “बुवा, जपानातला झेन पंथ बुद्धाचा, की चीनमधल्या ताओचा?”

‘झेन’ हा शब्द मूळ आपलाच. संस्कृत ‘ध्यान’ चीनमध्ये गेले, त्याचे ‘चान’ झाले आणि जपानात ‘झेन’. पण शब्द परमुलखात नांदला की तिथल्या मातीचा वास त्याला लागायचाच. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सुरू झाली, तेव्हा ‘मार्ग’, ‘बोधि’ यांसाठी पंडितांनी ‘ताओ’ हाच तयार शब्द उचलला. लाओत्से-च्वांगत्से यांची शिकवण सहजपणाची; ओढाताण न करता पाण्यासारखे वागावे. ते वळण ध्यानाला लागले. पुढे त्याच मठांतून अमिताभ बुद्धाचे नामस्मरणही ध्यानाशेजारी नांदले.

मग बुद्धाचे उरले काय? एक दाखला पाहा. भिक्षूने जमीन खणू नये, भिक्षेवर राहावे, असा जुना विनय. पण चान मठांतले भिक्षू शेतात राबू लागले. इ. स. ८१४ मध्ये निवर्तलेले आचार्य बायजांग म्हातारपणीही कुदळ सोडीनात. शिष्यांनी कळवळून अवजारे लपवली, तर आचार्यांनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही, अशी कथा सांगतात.

आता सांगा, नियम मोडला की पाळला? मी पाठशाळेत अमरकोश घोकलेला माणूस. तरुणपणी ‘धर्म बुडाला’ म्हणून मोकळा झालो असतो. पण नियमाचा हेतू काय? ‘मी’ आणि ‘माझे’ सुटावे. भिक्षेच्या झोळीतही अहंकार मावतो, आणि कुदळीच्या घावाने तो तुटतोही. तृष्णा हे दुःखाचे मूळ, हा बुद्धाचा सिद्धांत त्यांनी सोडला नाही. म्हणून मास्तरांना म्हटले, बोली ताओची, औषध बुद्धाचे.

मात्र सावध! ‘सहज’ या शब्दाआड आळसही दडतो. बायजांगांची सहजता उपाशी राहायला तयार होती; आपली असते का?

इ. स. १२९० मध्ये माउलींनी गीता मराठीत आणली. सावतोबांनी मळा न सोडता देव जोडला. भांडे बदलले म्हणून पाणी बाटले, असे म्हणण्याचा अधिकार निदान वारकऱ्याला तरी नाही. पाणी प्याल्यावर तहान भागली का, एवढेच आपण पाहावे.

रामकृष्ण हरि!