ओळख : बाकी

(2025 मधली एक रविवार दुपार. भाईंदर पश्चिमेतलं घर. मामा भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. भाची उत्तनला राहते. मेट्रो 9 च्या कारशेडसाठी डोंगरीच्या डोंगरावरची बारा हजारांहून अधिक झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला आहे आणि तिला त्यावर हरकत नोंदवायची आहे. तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड आहे.)

भाची : मामा, जरा खिडकीपाशी या. हे बघा. नेच्याचं पान आहे की नाही? देठ, फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या.

मामा : पानाचं नंतर बघू. मिळाला कुठे?

भाची : डोंगरीला, डोंगराच्या पायथ्याशी. पायवाटेला खडीचा ढीग पडलाय, त्यात.

मामा : ढीग कुणी टाकला?

भाची : ते कसं सांगणार? पण रंग तिथल्याच दगडाचा आहे.

मामा : रंग जुळला म्हणून गाव जुळत नाही. कड्यातला दगड जागेवर असतो तेव्हा त्याच्या वर काय, खाली काय, तो कुठे कललेला, हे सगळं वाचता येतं. ढिगात आला की त्याची निम्मी जबानी मागे राहिली. आण, भिंग दे.

(बराच वेळ शांतता.)

मामा : हे पान नाही. डेंड्राइट म्हणतात याला. दगडाच्या बारीक चिरेतून पाणी झिरपतं, त्यात मँगनीज आणि लोह विरघळलेलं असतं. ते चिरेत साचत जातं आणि साचताना अशा फांद्या फुटतात. इथे बघ, सगळ्या फांद्या या एका कडेपासून निघाल्यात, कारण पाणी त्या कडेने आत आलं. पानाला मधली शीर असते, ठरावीक कोनात निघणाऱ्या उपशिरा असतात, काठ असतो. यात यातलं काहीच नाही.

भाची : नक्की?

मामा : या तोंडावरच्या खुणेबद्दल नक्की.

भाची : आणि ही दुसरी? कडेला, अंगठ्याच्या नखाएवढा खळगा आहे. त्यात समांतर रेघा आहेत. शिंपल्यासारख्या.

मामा : (दगड फिरवत) हं. ही मी पाहिली नव्हती.

भाची : म्हणजे असू शकतो.

मामा : असू शकतो. खळग्यातून निघालेल्या एखाद्या स्फटिकाचा साचाही असू शकतो.

भाची : पण तुम्हीच शिकवलंत ना, की लाव्हात जीवाश्म सापडत नाहीत? मग हा प्रश्नच का उरावा?

मामा : लाव्हात सहसा सापडत नाहीत. दोन लाव्हांच्या मधल्या काळात सापडतात. एक लोट थंडावला की त्यावर तळी साचली, गाळ बसला, बेडूक ओरडले. मग पुढचा लोट आला आणि सगळं झाकून गेला. वरळीच्या टेकडीखालच्या गाळखडकात इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. 1847 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं, 1930 मध्ये त्यांना इंडोबॅट्राकस हे नाव पडलं. मुंबईच्या पोटात अशी तळी होती.

भाची : मुंबईच्या झाली. डोंगरीच्या?

मामा : तेच सांगतोय. तुझा डोंगर बेसॉल्टचा नाही, रायोलाइटचा आहे. दख्खनच्या ज्वालामुखींच्या शेवटच्या शेवटच्या काळातला. 2014 मध्ये हेतु शेठ आणि कांचन पांडे यांनी त्याचं वय काढलं. दोन ठिकाणचे नमुने घेतले, दोन्ही जुळले : एक 6 कोटी 26 लाख वर्षं, दुसरा 6 कोटी 29 लाख. आणि त्या रायोलाइटच्या खाली त्यांना गाळाचा एक थर मिळाला, तोवर कुणाच्या नोंदीत नसलेला. डोंगरीच्या राखेच्या खडकात शेल नावाच्या गाळखडकाचे तुकडे सापडतात, तेही बहुधा त्याच थरातून उखडून आलेले.

भाची : मामा! मग हा दगड त्या थरातला असेल.

मामा : यावर तोंडाची वाफ सोड आणि वास घे.

भाची : ओल्या मातीचा येतोय. पहिल्या पावसासारखा.

मामा : म्हणजे चिकणमातीचा अंश आहे. शेल असू शकेल. कुजलेली ज्वालामुखीची राखही असू शकेल, तिचाही असाच वास येतो.

भाची : बरं. मग माझ्या अर्जात मी एवढंच लिहिते : डोंगरीच्या डोंगरावर संभाव्य जीवाश्म सापडला आहे. संभाव्य. यात एक अक्षर खोटं नाही. फोटो जोडते, आणि खाली तुमची सही.

मामा : फोटो कुठल्या बाजूचा?

भाची : (थांबून) पानाच्या.

मामा : जी बाजू पान नाही हे तुला आता कळलंय.

भाची : पण खळगा फोटोत दिसतच नाही नीट! लोकांना पान दिसलं तर लोक थांबतील. मामा, झाडं झाडं म्हणून आम्ही ओरडतोय, कुणी वळून बघत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं म्हटलं की बघतील.

मामा : शब्द खरा आहे, मान्य. पण तू तो ऐकणाऱ्याच्या भरवशावर वापरते आहेस. तो 'संभाव्य' गाळणार आणि 'जीवाश्म' ठेवणार, हे तुला ठाऊक आहे, किंबहुना म्हणूनच तू तो शब्द निवडलास. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरेल हे माहीत असून बोललेलं वाक्य फक्त व्याकरणाने खरं असतं.

भाची : आणि समोरचे? ते काय तोलून बोलतात? दुबळ्यानेच का काटेकोर राहायचं?

मामा : दुबळ्याकडे दुसरं काही नसतं म्हणून. तुमच्यामागे पैसा नाही, सत्ता नाही. तुमचा शब्द तेवढा आहे. तो एकदा खोटा पडला की डोंगराच्या बाजूने कुणी काय बोलायचं? उद्या त्या थरात खरंच एखादा शिंपला निघाला तर म्हणतील, हे तेच, मँगनीजला पान म्हणणारे.

भाची : मोठमोठे शास्त्रज्ञ चुकतात आणि तरी त्यांचं विज्ञान चालू राहतं.

मामा : चुकतात. भीमबेटका आठवतंय? 2021 मध्ये तिथल्या ऑडिटोरियम गुहेच्या छतावरच्या एका ठशावर निबंध छापला गेला. डिकिन्सोनिया, सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीचा जीव. केवढी मोठी गोष्ट! त्या एका ठशावरून विंध्य खडकांचं वय सांगायला निघाले होते. मग दुसरे शास्त्रज्ञ त्याच गुहेत गेले. ठसा दगडापासून सुटत चालला होता, झडत होता. ते आग्या मोहोळाचे अवशेष होते. 2023 मध्ये त्यांनी ते छापलं आणि पहिला निबंध लिहिणाऱ्या ग्रेगरी रेटॅलॅक यांनी चूक मान्य केली.

भाची : बघा! चूक झाली आणि दुरुस्तही झाली. कुणाचं काय बिघडलं?

मामा : दुरुस्त झाली, कारण त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं होतं, जागेसकट. तू जे दिसत नाही असं आता जाणतेस, ते लिहिणार आहेस. चूक आणि हे यांच्यात फरक आहे.

भाची : अजून एक फरक आहे, तुम्ही तो टाळताय. दुरुस्ती झाली, कारण गुहा जागेवर होती. परत जाऊन बघता आलं. डोंगरी उद्या जागेवर नसेल. मी याला जीवाश्म म्हटलं आणि तो नसला, तर एका दगडाचं नाव खोडावं लागेल. तुम्ही 'काही नाही' म्हटलंत आणि तो असला, तर थरच गेलेला असेल. मग कोण कुठे परत जाऊन बघणार? या दोन चुका सारख्या नाहीत, मामा.

(मामा दगड टेबलावर ठेवतात. बराच वेळ बोलत नाहीत.)

मामा : नाहीत. तू म्हणतेस ते खरं आहे. आणि मी 'काही नाही' हे फार वेळा म्हटलेलं आहे.

भाची : म्हणजे?

मामा : शिकवत होतो तेव्हा एक मुलगा असाच दगड घेऊन आला होता, त्याच्या चाळीमागच्या टेकडीवरचा. वर्ग संपत आला होता. मी लांबूनच बघितलं आणि म्हणालो, काही नाही रे, टाकून दे. त्याने टाकला. तो पुन्हा कधी काही घेऊन आला नाही. तो डेंड्राइटच असेल बहुतेक. पण मी पाहिलं नव्हतं. आपण फसू या भीतीने मी नाही म्हटलं आणि त्याला शास्त्रीय शिस्त समजलो. आज तुझ्या दगडाचीही दुसरी कड मी पाहिली नव्हती.

भाची : मग सही कराल?

मामा : तुझ्या त्या वाक्याखाली नाही. चुका सारख्या नाहीत यावरून एवढंच ठरतं की डोंगर खणण्याआधी नीट पाहिलं पाहिजे. ज्याची खात्री नाही ते ठासून सांगायचा परवाना त्यातून मिळत नाही. पण पाहा म्हणून आग्रह धरायचा परवाना नक्की मिळतो, आणि तो मी आजवर कधी वापरला नाही.

भाची : तर काय लिहायचं?

मामा : जे उघड आहे ते. डोंगरीच्या रायोलाइटखाली गाळाचा थर आहे, तो नोंदलेला आहे, त्याच्यावरच्या रायोलाइटचं वय ठाऊक आहे. मुंबईच्या अशा थरांत जीव सापडलेले आहेत. म्हणून यंत्र लावण्याआधी हा थर तज्ज्ञांनी जागेवर तपासावा. याखाली मी सही करतो, निवृत्त शिक्षक म्हणून, पत्त्यासकट. कुणी उलटतपासणी घेतली तर उभा राहीन.

भाची : आणि झाडं?

मामा : झाडांसाठी झाड म्हणूनच भांड. बारा हजार झाडं हे कारण पुरेसं नाही, त्याला जीवाश्माचं ठिगळ हवं, असं तुझ्या अर्जातून दिसू देऊ नकोस. ते कारण पुरेसं आहे.

भाची : मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात शेतातले गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पुजायचे. 2023 मध्ये कळलं की ती डायनासोरची अंडी आहेत. ओळख पटायच्या आधीच त्यांनी ती जपली होती.

मामा : कारण त्यांना जपायला ओळखीची अट नव्हती. आपल्याला ती का लागते, याचा विचार करायला हवा.

भाची : (खळग्यावर बोट ठेवून) पण मला अजून वाटतंय, हा शिंपलाच आहे.

मामा : मलाही वाटावंसं वाटतंय. म्हणून तर जास्त सांभाळायचं.

भाची : लिंबू पिळून बघू? चुना असेल तर फसफसेल ना?

मामा : फसफसलं तर चुना आहे एवढंच कळेल. शिंपल्यात चुना असतो, तसा खडकाच्या पोकळीत भरलेल्या कॅल्साइटमध्येही असतो. आणि लिंबाने खळग्याच्या रेघा खराब होतील. खरं कळायचं तर प्रयोगशाळेत याचा पातळ काप काढावा लागेल, म्हणजे हा दगड असा राहणार नाही.

भाची : मग नको. आत्ता नको.

मामा : आत्ता नको. आधी तो ढीग कुठून आला ते विचारू. उद्या सकाळी भरती कधी आहे?

भाची : भरतीचं काय? ढीग डोंगराच्या पायथ्याशी आहे.

मामा : अगं, ढिगापाशी थांबायचं नाहीये. डोंगरीचे थर पश्चिमेला कललेत, समुद्राकडे. किनाऱ्याच्या बाजूने कुठे उघडे पडलेत का, ते ओहोटीला चालत बघू. मोजपट्टी घे, फोटोत शेजारी ठेवायला. आणि जागेवरचं काही उचलायचं नाही.

(भाची कपाटातून एक जुनं औषधाचं खोकं आणते, त्यात कापूस पसरते, दगड ठेवते. मामा एक कागद फाडून देतात. ती लिहिते आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचते.)

भाची : ठिकाण : डोंगरी, पायथ्याचा खडीचा ढीग. मूळ जागा अज्ञात. दर्शनी बाजू : मँगनीजचा डेंड्राइट. कडेचा खळगा...

मामा : हं?

भाची : कडेचा खळगा, समांतर रेघा. ओळख : बाकी.

(ती खोक्याचं झाकण लावते. मग पुन्हा उघडते आणि कागद दगडाखालून काढून वर ठेवते, उघडल्याबरोबर दिसेल असा.)