मौन म्हणजे नकार

‘आठ दिवसांत हरकत न आल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल.’ हे वाक्य ज्याच्या वाट्याला आले नाही असा मध्यमवर्गीय माणूस सापडणे कठीण. सोसायटीचा सेक्रेटरी ते लिहितो, आमची बँक लिहिते. सासुरवाडीची मंडळी लिहीत नाहीत, पण समजतात. मौन म्हणजे संमती, या एका तत्त्वावर आपली लग्ने ठरतात आणि वार्षिक सभा चहापूर्वी उरकतात.

हे तत्त्व मुळातच उलटे असावे, असा संशय माझ्या मनात एका बॉयलरने निर्माण केला. बी. कॉम. झालेल्या माणसाला बॉयलरने नीतिशास्त्र शिकवावे हे विचित्र खरे. पण कॉलेजात ते कोणी शिकवले नव्हते.

बँकेने कारखान्याला कर्ज दिले, की तारण माल मोजायला कोणीतरी जावे लागते. हा ‘कोणीतरी’ बहुधा मीच असतो. इचलकरंजीकडच्या एका कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये तागे मोजून झाल्यावर मी बॉयलरखोलीत डोकावलो. तेलावर चालणारा बॉयलर हत्तीएवढा, आणि त्याला ताब्यात ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी माझ्या जेवणाच्या डब्याएवढी! पंपाच्या मोटारीला 415 व्होल्ट लागतात. ही पेटी 24 व्होल्टवर भागवते. हाताखालच्यापेक्षा साहेबाचा खुराक कमी, असे मी प्रथमच पाहिले.

पेटीचे काम एकच. तेलाची झडप उघडी राहायला तिच्या गुंडाळीत सतत वीज लागते. वीज तुटली की आतली स्प्रिंग झडप मिटवते आणि आग विझते. ती वीज येते कुठून? पाणी पुरेसे आहे का, दाब हद्दीत आहे का, ज्योत दिसते आहे का, अशी विचारपूस करीत. शाळेत शिकलेली एकसर जोडणी ती हीच. सगळ्यांनी ‘हो’ म्हटले तरच प्रवाह पुढे जातो. एखादी तार उंदराने कुरतडली, तरी तो नकारच.

बॉयलर सांभाळणारे मामा म्हणाले, “सायेब, हितं न्हाई म्हनायला कुनाला तोंड उघडाया लागत न्हाई. हो म्हनायचं असलं तर मातर सारखं म्हनत ऱ्हावं लागतंय.”

आमच्या बँकेत कर्जाच्या फायलीवर पाच सह्या असतात. दुसरा सही करतो, कारण पहिल्याने केलेली असते. तिसरा करतो, कारण दोघांनी केलेली असते. दिसायला एकसर, पण चालते समांतर! एकाचा ‘हो’ पाचांना पुरतो. कर्ज बुडाले की पाचही जण म्हणतात, ‘मी हरकत घेतली नाही एवढेच.’

मामांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तापमान मोजणाऱ्या तारा मोटारीच्या तारांबरोबर एकाच नळीतून नेत नाहीत. शेजारच्या जाड तारेच्या प्रभावाने बारीक तार भलतेच आकडे सांगू लागते. आमच्याकडे ऑडिटरला मॅनेजरच्याच केबिनमध्ये बसवतात, चहाही तिथेच येतो.

अर्थात, ऊठसूट नकार देणाऱ्या यंत्रावर कारखाना चालायचा कसा? सैल तारेपायी दिवसाचे काम बसते. मग कोणीतरी दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून टाकतो. वायरमन लोक याला ‘डायरेक्ट केलंय’ म्हणतात, वर ‘तात्पुरतं’ म्हणतात. 1865 साली अमेरिकेत मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ या आगबोटीच्या गळक्या बॉयलरला असेच घाईचे ठिगळ लावले होते. कप्तानाला युद्धातून परतणाऱ्या सैनिकांचे भाडे हवे होते. बोट फुटली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. ठिगळ तात्पुरतेच होते.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही. आपला विवेक कसा जोडलेला आहे, हा आहे. तो झोपला असता काम थांबते की चालू राहते? बहुतेकांचे चालू राहते. संसारात मात्र ही जोडणी पूर्वीपासून बरोबर आहे. ‘नवी स्कूटर घेऊ का?’ या प्रश्नावर स्वयंपाकघरातून काहीच उत्तर आले नाही, तर त्याला संमती समजणारा नवरा अजून जन्मायचा आहे.

आणि पेटीच ‘डायरेक्ट’ केली तर? त्यासाठी बॉयलरच्या माथ्यावर एक झडप असते. तिला तार नाही, वीज नाही. दाब फार झाला की वाफच तिला उचलते. सतराव्या शतकात देनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने बंद भांड्यावर वजनाची अशी झडप बसवली. आपल्या कुकरची शिटी त्याच कुळातली. कोणाच्याही मेहेरबानीवर न चालणारा असा एखादा माणूस प्रत्येक कचेरीत असतो. साहेब बदलतात, तो तिथेच असतो. हद्द झाली की सगळ्यांदेखत फुसफुसतो, आणि लोक म्हणतात, ‘याला काही कामधंदा नाही.’ बढतीच्या यादीत त्याचे नाव कधी नसते. कचेरीच्या भिंती मात्र जागच्या जागी असतात.