पंडितांचा वाद आणि राजाचा वाद

उद्योगाला हवी तशी पदवी देणारे विद्यापीठ विद्येचे स्थान ठरते की मनुष्यबळ पुरवणारी यंत्रणा, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूजच्या परिसरात रोजच्या जगण्याशी भिडलेला आहे. १९८५ मध्ये येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि नगर रस्त्यालगतचा हा पट्टा सुट्या भागांच्या, औषधांच्या, बिअरच्या कारखान्यांनी भरत गेला. शहरात २०१९ मध्ये एमजीएम हे खासगी विद्यापीठ स्थापन झाले. तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या अशा विद्यापीठांत उद्योगातील अधिकारी अभ्यासक्रम ठरवायला बसतात, इंटर्नशिपला श्रेयांक मिळतात आणि प्रवेशाच्या वेळी पालक आधी प्लेसमेंटची चौकशी करतात.

पोटापाण्याची विद्या कमी प्रतीची, हा जुना आक्षेप येथे टिकत नाही. मुंडकोपनिषद विद्येचे परा (ब्रह्मविद्या) आणि अपरा (इतर विद्या) असे भेद करते. मात्र दोन्ही जाणाव्यात, असेच सांगते. वाळूजवरून पुढे जाणाऱ्या वाटेवरच्या नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अठराव्या अध्यायात वाट्याला आलेले कर्म नीट करणे हीच ईश्वराची पूजा मानली आहे. वाळूज एमआयडीसीलगतच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला दर्शनबारीत उभ्या राहणाऱ्या कामगाराला हा विचार पोथी न वाचताही उमगतो. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी तर हस्तोद्योगालाच शिक्षणाचा गाभा मानले.

खरी अडचण निराळी आहे. चरख्यावर सूत काढणाऱ्याला त्याचे कापड होणार हे दिसते. सीएनसी मशीनवर एखाद्या पिनचा व्यास मायक्रोमीटरने तपासणाऱ्याला ती पिन कुठे बसते, हे ठाऊक असतेच असे नाही. काम चोख करायला कार्यशाळेत शिकता येते. ते काम करावे का, हे तेथे कोणी विचारत नाही. बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे ती यासाठीच. अंगुत्तर निकायात शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे सांगितले आहे. वाळूजमध्ये हा उपदेश फार लांबचा वाटत नाही. २०१६ च्या दुष्काळात जायकवाडी धरण मृतसाठ्यावर आले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. पाणी आधी कोणाचे, हा प्रश्न न्यायालयात गेला. तो व्यवस्थापनाच्या वर्गातही यायला हवा होता. उत्पादनखर्चाच्या तक्त्यात पाण्याचा केवळ दर मांडला जातो.

असा प्रश्न विचारण्याची रीत याच शहरात शिक्षणाचा भाग झालेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले, ते भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे. मिलिंदपञ्हात नागसेन संवादाआधी एक अट घालतात: वाद पंडितांसारखा होणार असेल तरच बोलू, राजांसारखा असेल तर नाही. पंडित चूक दाखवली तरी रागावत नाही. राजा विरोध करणाऱ्याला दंड करतो. उद्योगकेंद्री विद्यापीठाची याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण. यंत्रे, बाजार, नवे तंत्र यांची जाण घेऊन उद्योग पंडित म्हणून आला, तर विद्यापीठाचा लाभच होतो. पण देणगी आणि नोकऱ्या हातात असल्यामुळे त्याच्या सांडपाण्यावर किंवा कंत्राटी कामगारांवर कोणी प्रबंध लिहायला धजत नसेल, तर तो राजा म्हणून आलेला असतो.

विद्यार्थ्याचे स्वातंत्र्यही यातच गुंतलेले आहे. सम्यक आजीविकेत नको ते काम नाकारता येणे गृहीत आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या पदवीधराला मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ योजना राबवली, ती गरीब मुलाला मिंधेपणाशिवाय शिकता यावे म्हणून. इंटर्नशिपला पुरेसे विद्यावेतन आणि शुल्काला शिष्यवृत्तीचा आधार मिळाला, तर कोणत्या कारखान्यात जायचे हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकतो. तो आधार नसेल, तर नीतिशास्त्राचा पेपर अभ्यासक्रमात घालूनही त्याला निवड उरत नाही.