डाग आणि अक्षरे

जबलपूरजवळचे तेवर म्हणजे प्राचीन त्रिपुरी. तेथील इसवी सनापूर्वीच्या तांब्याच्या नाण्यांवर ब्राह्मी अक्षरांत नगरीचेच नाव आढळते. तसे एक नाणे तरुणपणी माझ्या हाती आले. त्यावरील हिरवा थर मी चिंचेने घासून काढला. नाणे लखलखले, अक्षरे मात्र पुसट झाली. अक्षरे वाचण्यासाठी घासतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरी ओढ लखलखाटाची होती.

तांब्यावरील घट्ट हिरवा थर बहुधा आतील धातूचे रक्षणच करतो. फिकट, भुसभुशीत हिरवा डाग हा मात्र रोग होय; क्लोराइड क्षारांमुळे तो धातू पोखरतो आणि त्यावर जाणत्याकडून उपचार व्हायलाच हवेत. तेव्हा प्रत्येक वेळी विचारावे लागते : आपण नाण्याचे आयुष्य राखतो आहोत, की आपल्या डोळ्यांना न रुचणारा काळ पुसतो आहोत? एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मूळ पाठ उजळावा एवढाच त्यांचा हेतू होता.

वारसा आपल्याकडे ठेव म्हणून येतो. निरुपद्रवी डाग उद्याही काढता येईल. झिजलेले अक्षर कोणालाही परत आणता येणार नाही. शंका असेल तेथे हात आवरावा, हाच विवेक.