माणसाचे मूल्य कोणत्या रकान्यात?

आपल्यापैकी अनेकजण अशा ठिकाणी नोकरी करतात, जिथे हजेरी, कामाचा वेग, कोण नोकरी सोडण्याच्या बेतात आहे, हे सारे संगणक मोजतो. याला ‘एचआर अ‍ॅनालिटिक्स’ म्हणतात. आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना तो अभ्यासालाच आहे.

मी राहतो त्या म्हैसूरच्या विजयनगरजवळ हेब्बाळ औद्योगिक वसाहत आहे. तेथेच इन्फोसिसचे मोठे प्रशिक्षण केंद्र. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन संधी मिळूनही अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना तेथून जावे लागले. ही अट करारातच होती, असे कंपनीने सांगितले. गंमत अशी की, याच कंपनीने पूर्वी अनेक वर्षे वार्षिक अहवालात आपल्या कर्मचाऱ्यांचे मूल्य रुपयांत छापले आहे. पद्धत लेव्ह आणि श्वार्ट्झ यांची, १९७१ ची: निवृत्तीपर्यंत माणूस जे कमावेल, त्याची आजची किंमत. माणूस ही संपत्ती आहे हे मान्य. पण मोजली ती पगाराने.

मोजणे वाईट नाही. आडनाव पाहून बढती देणाऱ्या साहेबापेक्षा आकडा बरा. मात्र आकड्यातही आपल्याच जुन्या सवयी उतरतात. अ‍ॅमेझॉनने दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकवलेली भरतीची प्रणाली स्त्रियांचे अर्ज मागे टाकू लागली. ती मोडीत काढल्याचे २०१८ मध्ये उघड झाले.

आता माझेच सांगतो. गेल्या वर्षी एका छोट्या कार्यालयात इंटर्नशिप करताना मी एक्सेलमध्ये सूत्र बसवले: महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा उशीर झाला, की ओळ लाल. त्या शीटचा मला फार अभिमान होता. एका ताईंची ओळ सलग दोन महिने लाल झाली आणि त्यांची वेतनवाढ थांबली. सासऱ्यांना डायलिसिसला सोडून त्या कामावर येत, हे सर्वांना ठाऊक होते. मलाही. शीटमध्ये कारणाचा रकाना नव्हता. तो मीच ठेवला नव्हता.

साहेब म्हणाले, “शीटच तसे सांगते.” मी स्वतःशी म्हटले, मी तर फक्त शीट बनवली. मग ते कर्म कोणाचे? संगणकाला तर काही कर्म लागत नाही.

पुढच्या महिन्यात मी ‘कारण’ हा रकाना घातला. तो भरायचा तर त्या माणसाजवळ जाऊन बसावे लागते, विचारावे लागते. त्यामुळे शीटला दोन दिवस जास्त लागले आणि साहेब कुरकुरले. ताईंची त्या वर्षीची वेतनवाढ मात्र गेली ती गेलीच. आपल्या कार्यालयात अशी शीट असेल, तर तो रकाना आहे का, एकदा पाहाल?