पिशवी कोणाच्या खात्यावर?

वाचकहो, आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत तो जेवणाच्या टेबलावर कोणी काढत नाही. मधुमेहाविषयी आपली मंडळी लग्नाच्या मांडवातसुद्धा बोलतात, गुडघ्यांविषयी तर विचारूच नका. पण ज्या माणसाच्या पोटाला शस्त्रक्रियेने छिद्र पाडून तेथे मळाची वा मूत्राची पिशवी लावलेली आहे, त्याच्याविषयी घरातही दबक्या आवाजात बोलतात. या छिद्रास डॉक्टर स्टोमा म्हणतात. गुदाशयाचा वा मूत्राशयाचा कर्करोग, आतड्यांचा जुनाट दाह, क्वचित जन्मतःच असलेला दोष, अशा कारणांनी ते करावे लागते. ते केले म्हणून माणूस जगतो. आणि जगतो म्हणूनच पुढचा प्रश्न उत्पन्न होतो: रोजच्या रोज लागणाऱ्या त्या पिशव्यांचे पैसे कोणी भरावयाचे?

आमची एक भाची टोकियोत राहते. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे. 2019 साली त्या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले, हे पुष्कळांनी वाचले असेल. भाचीचे घर मात्र तेथे नसून दुसऱ्या एका वॉर्डात आहे. तिच्या यजमानांना गुदाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आणि खालचा सांधा भरून येईपर्यंत काही महिन्यांसाठी पोटावर पिशवी आली.

जपानात 1961 सालापासून प्रत्येक रहिवाशास कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक आरोग्य विम्यात असावेच लागते. परदेशी माणूसही तीन महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल तर त्यात येतो. सत्तर वर्षांखालील रुग्ण बिलाचे तीस टक्के भरतो, बाकीचे विमा भरतो. शिवाय 1973 सालापासून अशी सोय आहे की, महिन्याचा खर्च ठराविक मर्यादेपलीकडे गेला तर वरचा बहुतेक भार विमा उचलतो. भाचीच्या घरी एवढे मोठे ऑपरेशन झाले, पण घर विकावे लागले नाही, कोणापुढे हात पसरावा लागला नाही. तिने तेव्हा लिहिले होते, "मामा, इथे आजारी पडायची भीती वाटत नाही."

पुढच्या पत्रात सूर बदलला. ऑपरेशन विम्याचे, डॉक्टरची तपासणी विम्याची, पण घरी आल्यावर लागणारी पिशवी विम्याची नव्हे. कारण विमा उपचारासाठी आहे, आणि पिशवी हा उपचार नसून ती दैनंदिन जीवनाची वस्तू आहे, असा तेथील हिशेब. मग ती कोठून मिळते? तर कल्याणखात्याकडून. 1949 सालच्या अपंग कल्याणाच्या कायद्यात 1984 साली दुरुस्ती होऊन मूत्राशयाचे वा गुदाशयाचे कार्य बंद पडणे हे अपंगत्वात धरले गेले. तेव्हापासून स्टोमा असलेला माणूस नेमलेल्या डॉक्टरांचा दाखला घेऊन नगरपालिकेत जातो व अपंगाची पुस्तिका काढतो. साध्या स्टोमास बहुधा चौथा दर्जा मिळतो. ती पुस्तिका असली की नगरपालिका पिशव्यांसाठी मदत देते. 2006 पासून ही मदत रोजच्या वापराच्या साधनांच्या सदरात मोडते, आणि रक्कम प्रत्येक नगरपालिका आपापली ठरवते. बऱ्याच ठिकाणी आतड्याच्या स्टोमासाठी महिन्यास नऊ हजार येनच्या आसपास आणि मूत्राच्या स्टोमासाठी अकरा हजारांहून थोडी अधिक अशी मर्यादा असते, आणि त्यातील साधारण दहा टक्के रुग्णाने भरावयाचे. गरिबांस तेही माफ होते. काही गावांत चांगल्या मिळकतीच्या माणसास मात्र वगळतात.

भाची त्या कचेरीत गेली. बाईंनी नम्रपणे वाकून सांगितले की अपंगत्व म्हणजे कायमचे, आपल्या यजमानांचा स्टोमा तात्पुरता आहे, तेव्हा पुस्तिका मिळणार नाही. काही नगरपालिका तात्पुरत्यांनाही आपल्या खर्चाने थोडे देतात, पण भाचीच्या वाट्यास ती नगरपालिका आली नाही. सर्व पिशव्या पदरच्या पैशाने घ्याव्या लागल्या.

आता आम्हांस येथे जे खटकते ते सांगतो. त्याच जपानात पाठीचा मणका दबला आणि हाड भरेपर्यंत कंबरेला पट्टा बांधावा लागला, तर तो पट्टा उपचाराचे साधन म्हणून विम्यातून मिळतो. मग सांधा भरेपर्यंत लागणारी पिशवी उपचार का नव्हे? पट्टा नसेल तर हाड वाकडे जुळेल. पिशवी नसेल तर आतड्यातला रस कातडी खाऊन टाकील, जखम होईल, माणूस अंथरुणास खिळेल. तात्पुरत्याला विमा म्हणतो, "तू उपचार नव्हेस," आणि कल्याणखाते म्हणते, "तू अपंग नव्हेस." दोघांचे नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. मधल्या फटीत माणूस पडतो, आणि त्याला पाडले कोणीच नाही.

कोणी म्हणेल, सर्वच गोष्टी विम्याने द्यावयाच्या तर चष्मा द्या, काठी द्या, उद्या मऊ भातही द्या. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विम्याची थैली सर्वांच्या वर्गणीची असते आणि कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघ ओढताना वस्तू कोणत्या दुकानात मिळते हे पाहावे, की तिच्यावाचून माणसाचे काय होईल हे पाहावे? चष्म्यावाचून मनुष्य चाचपडत का होईना घराबाहेर पडतो. पिशवीवाचून तो उंबऱ्यापर्यंतही जात नाही.

पत्रांतील खरी गोष्ट पुढेच आहे. सांधा नीट जुळला नाही, आत गळती झाली, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि यावेळी डॉक्टरांनी सांगितले की स्टोमा आता कायमचा. म्हणजे कायद्याचे दार उघडले. भाचीने अर्ज आणला, आणि यजमान म्हणाले, "मी सही करणार नाही. मी अपंग नाही. मी रोज कामावर जातो, जिने चढतो, कोणाच्या आधाराने चालत नाही. पैशासाठी स्वतःला अपंग लिहून घेऊ?" ज्या पुस्तिकेसाठी आदल्या वर्षी हेलपाटे घातले, ती दारात आली तेव्हा तिला घरात घेईनात. भाची लिहिते, "मामा, तुम्ही सांगा यांना."

आम्ही काय सांगावे? पहिल्याने आम्हांस त्यांचा राग आला. मदत समोर असताना हा कसला ताठा? मग विचार करता वाटले की प्रश्न ताठ्याचा नाही. विमा माणसास म्हणतो, तू वर्गणी भरलीस, हे तुझे आहे. कल्याणखाते म्हणते, तुझ्यात उणे आहे हे आधी सिद्ध कर, मग हे घे. वस्तू तीच, पण घेणाऱ्याची मान वेगवेगळी राहते. आणि गंमत अशी की मान खाली घालावी लागते ते दार स्वस्त आहे. पिशवी विम्यात गेली तर तीस टक्के भरावे लागतील, कल्याणखात्यात दहा टक्क्यांत भागते. तेव्हा सर्व रुग्णांनी मिळून "आम्हांला विम्यात घ्या" असे म्हणावे, हेही सोपे नाही.

शिवाय 1984 च्या दुरुस्तीला आम्ही हिणवू इच्छित नाही. लोकांच्या लेखी अपंग म्हणजे पांगळा, आंधळा, बहिरा, जे डोळ्यांना दिसते ते. शर्टाखाली झाकलेले दुःखही दुःख आहे, हे कायद्याच्या तोंडून वदवून घेणे ही मोठी गोष्ट होती. आपल्या जुन्या देशात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मोजले, त्यांत स्टोमा नाही. तेथील रुग्णास पुस्तिका नाकारण्याचा मान तरी कोठे आहे?

आमचे एक मामा मुंबईत होते. त्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा आम्ही लहान होतो, आणि काय झाले ते आम्हांस कोणी सांगितले नाही. एवढे आठवते की मामी रोज फडकी उकळीत असे आणि ती आतल्या बाजूस वाळत घालीत असे. मामा पूर्वी मशिदीत पहिल्या बाकावर बसत, त्यांचा आवाज चांगला होता. त्यानंतर ते शब्बाथला आले नाहीत, मलिद्याला आले नाहीत, सख्ख्या पुतणीच्या मेंदीलासुद्धा आले नाहीत. मंडळी म्हणत, मामा विक्षिप्त झाले. वास येईल या भीतीने एक माणूस पुढली सारी वर्षे एका खोलीत बसून राहिला, हे आम्हांस मोठेपणी कळले. त्यांना कोणीही अपंग म्हटले नव्हते.

कर्मधर्मसंयोग पाहा. कोकणच्या नि घाटाच्या रानात पांढऱ्या सालीचे कांडोळाचे झाड असते. त्याचा डिंक भारतातून परदेशी जातो. 1950 नंतरच्या काळात अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉ. टर्नबुल यांना आढळले की या डिंकाची पूड ओल्या कातडीस धरून राहते व स्टोमाभोवतीची जागा राखते, आणि पुढे कित्येक वर्षे तीच जगभर वापरात होती. मामांच्या गावच्या डोंगरावरचे झाड! 1954 साली डेन्मार्कच्या एलिझे सोरेन्सन या नर्सबाईंनी चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली, कारण त्यांची बहीण थोरा ऑपरेशननंतर घराबाहेर पडायला भीत होती. म्हणजे ही पिशवी मुळात जन्मली ती बहिणीने चारचौघांत जावे म्हणून. तिला उपचार म्हणावे की दैनंदिन वस्तू, हे त्या बाईंना कोणी विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते कोण जाणे.

जपानची एक गोष्ट मात्र आम्हांस मनापासून आवडली. तेथे रेल्वे स्टेशनांत, मोठ्या दुकानांत, सरकारी इमारतींत पुष्कळ शौचालयांच्या दारावर एक चिन्ह असते: माणसाची आकृती आणि पोटावर क्रूस. आत पिशवी रिकामी करून धुण्यासाठी निराळे भांडे असते, हातात धरायचा फवारा असतो, कित्येक ठिकाणी पाणी ऊनही असते. काही नगरपालिका भूकंपाच्या वेळी उपयोगी पडाव्यात म्हणून या लोकांच्या पिशव्या कचेरीत सांभाळून ठेवतात. उलट, सार्वजनिक स्नानगृहांत व गरम पाण्याच्या झऱ्यांवर पिशवीवाल्यांस मज्जाव केल्याचे प्रकारही तेथेच घडले, आणि पिशवी लावून स्नान करण्यास हरकत नाही हे लोकांस समजावून सांगण्यासाठी आरोग्य मंत्रालयास पत्रके काढावी लागली. पैशाची व्यवस्था कायदा करतो. शेजारी पाण्यात उतरलेल्या माणसाने उठून जाऊ नये, याची व्यवस्था कोणत्या खात्याने करावी?

आपल्याकडे शौचाहून आल्यावर म्हणावयाची अशेर यात्सारची बेराखा आहे. लहानपणी ती म्हणताना आम्हांस हसू येई. देवाचे आभार मानायला हीच जागा सापडली काय? शरीराच्या वाटा उघड्या राहाव्यात व बंद असाव्यात त्या बंद राहाव्यात, यावर आपला जीव टांगलेला आहे, हे आपल्या पूर्वजांनी लाज न बाळगता दिवसातून कितीदा तरी उच्चारले. ज्याची वाट बंद झाली आणि सर्जनने दुसरीकडून उघडली, त्याने ती आपल्याहून मोठ्याने म्हणावी असे आमचे मत आहे. या बाबतीत आम्ही रब्बी नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

भाचीला आम्ही लांबलचक पत्र लिहिले. यजमानांना लिहिले की, ती पुस्तिका आपल्या अंगाविषयी काही सांगत नाही, नगरपालिकेच्या कर्तव्याविषयी सांगते, अशा दृष्टीने पाहा. आपण कर भरता, वर्गणी भरता, आपला हक्क त्यांनी चुकीच्या नावाच्या कपाटात ठेवला आहे, म्हणून काय तो सोडून द्यावयाचा? आणि खरेच पटत नसेल तर सही करू नका, पण मग तात्पुरत्यांना विम्यातून पिशवी मिळावी म्हणून तेथील रुग्णांच्या संघटनेत जाऊन बसा. आपल्यासारखा हेलपाटे घातलेला माणूस त्यांना हवाच असेल. मामांची हकीकतही लिहिली, जी आजवर कोणास सांगितली नव्हती.

उत्तर आले ते भाचीचे, चार ओळींचे. अर्जावर अजून सही नाही. पण शनिवारी दोघे मराठी मंडळींच्या गणपतीला जाऊन आले, पाहुणे म्हणून. जाण्यापूर्वी यजमानांनी नकाशावर पाहून घेतले होते की वाटेत कोणत्या स्टेशनवर ते चिन्ह आहे. तेथे उतरले, दहा मिनिटांत बाहेर आले, आणि तिला म्हणाले, "चल, पुढची गाडी मिळेल."