नकला ठेवून नेलेली पत्रे

१८१५ साली येल येथील अध्ययन संपवून विल्यम ब्युएल स्प्रेग हा विशीतला तरुण व्हर्जिनियात आला आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांचे भाचे मेजर लॉरेन्स लुईस यांच्या वुडलॉन येथील घरी मुलांचा शिक्षक म्हणून राहिला. तेथून वॉशिंग्टन यांचे राहते घर, माउंट व्हर्नन, अगदी जवळ. आणि त्या घराचे व तेथल्या अफाट दफ्तराचे वारस होते वॉशिंग्टन यांचे पुतणे, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन. या दफ्तरातली पत्रे आपणांस मिळावीत अशी स्प्रेग यांनी विनंती केली, आणि न्यायमूर्तींनी ती एका अटीवर मान्य केली: जे पत्र न्यावयाचे त्याची नक्कल करून ती मूळ जागी ठेवावी. अशा रीतीने सुमारे १५०० पत्रे माउंट व्हर्ननमधून स्प्रेग यांच्याकडे गेली. अमेरिकेतील हस्ताक्षरसंग्रहाचा इतिहास बहुधा येथूनच सांगण्याचा प्रघात आहे; परंतु मला या हकिकतीत इतिहासापेक्षा एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न अधिक दिसतो, आणि तो अनेक वर्षे माझी पाठ सोडीत नाही. प्रत्येक पत्राचा मजकूर, तारीख व मायना यांसह, नकलेच्या रूपाने जागच्या जागी राहिला असे धरले, तर स्प्रेग यांनी तेथून नेले ते काय?

हा प्रश्न स्प्रेग यांच्या बाबतीत अधिकच तीव्र होतो, कारण ते पुढे धर्मोपदेशक झाले. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्यांनी दीर्घकाळ सेवा केली, आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांच्या हस्ताक्षरांचा संपूर्ण संच प्रथम जमविण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. आता प्रेस्बिटेरियन पंथ हा कॅल्व्हिनच्या शिकवणीतून निघालेला. आणि याच कॅल्व्हिनने १५४३ साली संतांच्या अस्थी, वस्त्रे व क्रूसाचे तुकडे यांच्या पूजेवर एक घणाघाती निबंध लिहून, क्रूसाचे म्हणून दाखविले जाणारे सर्व लाकूड एकत्र केले तर एक गलबत भरेल असा हिशोब मांडला होता. ईश्वराशी मनुष्याचे नाते वचनाने जोडले जाते, वस्तूने नव्हे, ही त्या सुधारकांची श्रद्धा. ज्या परंपरेने अस्थींच्या रत्नजडित पेट्या बाहेर फेकल्या, तिच्याच एका निष्ठावंत उपासकाने शंभर पिढ्यांच्या त्या जुन्या ओढीला कागदाच्या रूपाने पुन्हा घरात जागा द्यावी, यात मला ढोंग मुळीच दिसत नाही. मनुष्याच्या अंतःकरणातील एक भूक सिद्धान्ताने शमत नाही, एवढेच त्यातून दिसते.

आपल्या भाषेने या भुकेला एक विलक्षण नाव देऊन ठेविले आहे. जे झिजत नाही ते अक्षर, असे शास्त्र सांगते. आणि एखाद्याचे ‘अक्षर’ वळणदार आहे असे आपण म्हणतो तेव्हा मात्र त्याच्या हाताचा थरकाप, बोरूचा दाब, शाईचा ओघळ, म्हणजे नेमके जे झिजणारे तेच आपल्या मनात असते. पत्राचा अर्थ या दृष्टीने खरोखर अक्षर होय. तो नकलेत उतरतो, छापला जातो, दुसऱ्या भाषेत जातो आणि तरी उणा होत नाही. कागद मात्र क्षर आहे. त्या काळची शाई मायफळ व हिराकस यांची. जुन्या चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या चिवट कागदालाही ती शतकाशतकाने आतून खात जाते, आणि ठळक रेघेच्या जागी एखादे दिवशी भोक राहते. स्प्रेग यांनी अर्थ माउंट व्हर्ननमध्ये ठेवला आणि क्षर तेवढे उचलून नेले. माझ्या वडिलांचे एक कार्ड माझ्यापाशी आहे. त्यात खुशालीच्या चार ओळींपलीकडे काही नाही आणि त्या चारही मला तोंडपाठ आहेत, तरी ते कार्ड मी टाकू शकत नाही. म्हणून स्प्रेग यांना दोष देण्याचा अधिकार मी माझ्याकडे घेत नाही.

परंतु ‘हातचे’ म्हणजे काय, हेही वाटते तितके सरळ नाही. वॉशिंग्टन यांची असंख्य पत्रे त्यांच्या चिटणिसांनी लिहिलेली असून त्यांची केवळ सही खाली आहे. युद्धकाळात त्यांच्या चिटणिशीचे काम करणाऱ्यांत तरुण अलेक्झांडर हॅमिल्टनही होता, म्हणजे मजकुराचा लेखक एक मोठा पुरुष आणि सहीचा धनी दुसरा. संग्राहकांच्या बाजारात म्हणूनच प्रतवारी ठरलेली आहे: सर्व मजकूर व सही स्वहस्ते असलेले पत्र सर्वांत वर, केवळ सही असलेले त्याखाली, आणि कोठून तरी कापून काढलेली नुसती सही तळाशी. थॉमस जेफर्सन यांनी तर हा प्रश्न आणखी बिकट करून ठेविला. प्रथम ते ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबून नक्कल उमटवीत; त्या नकलेतली शाई मूळ पत्रातलीच असे, मात्र तिला हाताचा स्पर्श नसे. पुढे १८०४ पासून त्यांनी दोन लेखण्या एकमेकींना सांध्यांनी जोडलेले एक यंत्र वापरावयास घेतले, ज्यात एका लेखणीने लिहिले की दुसरी तेच अक्षर त्याच क्षणी दुसऱ्या कागदावर काढी. आता या दोहोंत अस्सल कोणते? दोन्हींमागे हात एक, क्षण एक, विचार एक. जे रवाना झाले ते अस्सल आणि जे दफ्तरी राहिले ती नक्कल, असे जेफर्सन मानीत. म्हणजे अस्सलपणा शाईवरून ठरला नाही, हातावरूनही ठरला नाही, तर ते पत्र कोणाच्या तरी वाटेला लागले यावरून ठरला. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

मूल्याचा विचार केला तर या छंदातली सर्वांत अस्वस्थ करणारी व्यक्ती म्हणजे बटन ग्विनेट. जन्माने इंग्रज, जॉर्जियात येऊन व्यापारात व शेतीत अपयशी ठरलेला आणि कर्जाने गांजलेला हा गृहस्थ १७७६ च्या जाहीरनाम्यावर सही करतो, आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात लॅकलन मॅकिंटॉश या लष्करी प्रतिस्पर्ध्याशी द्वंद्व खेळून त्या जखमेने मरतो. त्याच्या सह्या आज पन्नासच्या आसपास ठाऊक आहेत, आणि त्यांतील बहुतेक कर्जरोखे, साक्षीदार म्हणून सही केलेली मृत्युपत्रे व तत्सम दस्तऐवज यांवरच्या. ज्यांना ५६ चा संच पुरा करावयाचा त्यांना ग्विनेटवाचून गत्यंतर नाही. म्हणून ज्याच्या सहीवर जिवंतपणी सावकाराने भरवसा ठेवला नसता, त्याच्या सहीचा भाव लिलावात जाहीरनाम्याचा मसुदा रचणाऱ्या जेफर्सन यांच्या सहीच्या किती तरी वर जातो. सह्या करणाऱ्यांपैकीच दक्षिण कॅरोलायनाचे थॉमस लिंच हे १७७९ साली तरुणपणीच समुद्रात नाहीसे झाले. त्यांची नावे त्यांच्याच ग्रंथसंग्रहातील पुस्तकांच्या पानांवरून कातरून काढली गेली, कारण दुसरीकडे ती मिळतच ना. दुर्मिळता ही श्रेष्ठता नव्हे हे सर्व जण जाणतात, आणि तरी पाच-पन्नास तुकड्यांसाठी आयुष्य वेचतात. येथे भक्ती संपून परिग्रह सुरू होतो असे मला वाटते; संचातील रिकामी जागा भरण्याची तळमळ ही त्या मनुष्याविषयीची तळमळ राहत नाही.

या परिग्रहाने केलेला सर्वांत मोठा घात मात्र एका इतिहासकाराच्या हातून झाला, आणि तोही औदार्याने. जॅरेड स्पार्क्स यांनी वॉशिंग्टन यांचे लेखन संपादित करून १८३० च्या दशकात अनेक खंडांत प्रसिद्ध केले. पहिल्या अध्यक्षीय भाषणासाठी तयार झालेला, परंतु न वापरलेला एक दीर्घ मसुदा वॉशिंग्टन यांच्या हस्ताक्षरात त्यांच्यापुढे होता. तो छापण्याजोगा नाही असे ठरवून स्पार्क्स यांनी, हस्ताक्षराचा तुकडा मागणाऱ्या स्नेह्यांना देता यावा म्हणून, त्याची पाने वाटली, आणि पाने पुरेनाशी झाली तेव्हा ती कातरली. त्या मसुद्यात वॉशिंग्टन यांनी, ईश्वराने आपणांस अपत्य दिले नाही, त्यामुळे आपल्या रक्ताच्या कोणासाठी सत्ता साठविण्याचा मोह आपणांस नाही, असा भाव एके ठिकाणी मांडला होता. निपुत्रिक पुरुषाचे ते बोल शंभर घरांच्या चौकटींत तुकड्यातुकड्यांनी वाटले गेले. कॅल्व्हिनने ज्याची चेष्टा केली होती ते क्रूसाचे लाकूड निदान बोलत नव्हते; येथे बोलणाऱ्या वस्तूला मुकी करून पूज्य केले गेले.

अवशेष म्हणून अस्थी आणि पत्र यांतला भेद मला येथेच दिसतो. अस्थी आपल्या धन्याविरुद्ध साक्ष देत नाही, पत्र देते. १७९६ च्या मे महिन्यात ओना जज नावाची तरुण दासी फिलाडेल्फियातील अध्यक्षांच्या घरातून पळाली, आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला वॉशिंग्टन यांनी अर्थखात्याचे प्रमुख ऑलिव्हर वोलकॉट यांना, तिला परत आणण्याची तजवीज व्हावी म्हणून पत्र लिहिले. ती परत आली नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये १८४८ पर्यंत जगली. ज्या हाताने सैन्याला धीर देणारी पत्रे लिहिली त्याच हाताने हेही लिहिले. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती दास्यविमोचनासाठी झिजलेल्या अमेरिकेतील सज्जनांना, संस्थापकांना नव्हे. ही निवड मला फार मोलाची वाटते. जो संग्राहक माउंट व्हर्ननची प्रेमळ पत्रे ठेवतो आणि हे पत्र नको म्हणतो, त्याला मूर्ती हवी आहे, माणूस नको आहे.

फसवणुकीविषयी एवढेच सांगतो, की फिलाडेल्फियात रॉबर्ट स्प्रिंग नावाच्या मूळच्या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात जुन्या पुस्तकांचे कोरे कागद घेऊन वॉशिंग्टन यांच्या हुंड्या व पत्रे इतक्या सफाईने लिहिली, की ती विकत घेणाऱ्यांचे डोळे भरून येत असतील यात मला शंका नाही. ते अश्रू खोटे होते असे मी म्हणणार नाही. परंतु भाव खरा असला म्हणजे वस्तूच्या खरेपणाची चौकशी नको, हे मत मला मान्य नाही. प्रेम जेथे खोट्याला खरे समजून पोहोचते, तेथे ज्याच्यावर प्रेम आहे तो मनुष्य एकटाच राहतो.

आता त्या वाटेला लागलेल्या पत्राकडे येतो. १७९० च्या आरंभी येलचे अध्यक्ष व धर्मोपदेशक एझ्रा स्टाइल्स यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांना, येशूविषयी आपले मत काय, असे आदरपूर्वक विचारले. ९ मार्च रोजी ८४ वर्षांच्या फ्रँकलिन यांनी उत्तर दिले: एक ईश्वर, त्याची उपासना म्हणजे त्याच्या लेकरांचे भले करणे, आत्म्याचे अमरत्व, येशूच्या नीतीला आदर, देवत्वाविषयी शंका, आणि सत्य लवकरच आपोआप कळणार असल्याने आता त्यासाठी शीण घेण्याचे प्रयोजन नाही असे प्रसन्न उद्गार. १७ एप्रिलला ते निवर्तले. पण त्याच पत्रात, हे प्रसिद्ध करून मला टीकेच्या तोंडी देऊ नये, असा भरवसाही त्यांनी स्टाइल्स यांच्यावर टाकला होता. आज ते पत्र कोणीही वाचतो. मीही वाचले, आणि ज्या विनंतीवर माझी नजर थांबली ती माझ्याच विरुद्ध होती. पत्र हे दोघांतील नाते असते. तिसरा मनुष्य, त्याने लिलावात कितीही मोल दिले तरी, त्यात अधिकाराने शिरत नाही. तो कागदाचा धनी होतो, मायन्याचा होत नाही.

हे मार्था वॉशिंग्टन यांनी ओळखले होते. पती १७९९ च्या डिसेंबरात वारल्यावर, १८०२ साली स्वतः जाण्यापूर्वी, त्यांनी उभयतांचा जवळजवळ सारा पत्रव्यवहार अग्नीच्या स्वाधीन केला. स्प्रेग आले त्याआधीच दफ्तरातला तेवढा भाग नक्कल न ठेवता गेला होता. नातीकडे गेलेल्या लिहिण्याच्या मेजाच्या खणामागे अडकून पतीची दोन पत्रे तेवढी वाचली. त्यांतले १८ जून १७७५ चे, सेनापतिपद आपणांस नाकारता आले नाही आणि तुला सोडून राहण्याचे दुःख होते असे सांगणारे, आज वॉशिंग्टन शहरातील ट्यूडर प्लेस या घरी आहे. त्यात कर्नल पेंडलटन यांच्याकडून करून घेतलेले मृत्युपत्र सोबत पाठविल्याची नोंद आहे, आणि आरंभी जो मायना आहे तो जगात एकाच स्त्रीसाठी लिहिलेला आहे. तिचा हात त्या खणामागे पोहोचला असता तर आपल्याला तोही दिसला नसता.